वरच्या बांधीचं पाणी, खालची स्लाइड

आमच्या ऑफिसात वीज असली की बोलता यायचं नाही आणि वीज गेली की काम करता यायचं नाही. यात रतीभरही वाढवून सांगितलेलं नाही. वाढवून सांगायचं पुढे बरंच आहे, म्हणून सुरुवात खऱ्याने केलेली बरी.

ऑफिस म्हणजे गोंदियात बालाघाटच्या रस्त्याला लागून असलेल्या एका राईस मिलच्या मागची खोली. आधी तिथे बारदाना ठेवायचे. बारदाना गेला, वास राहिला, आणि त्या वासात आम्ही तिघांनी तीन कॉम्प्युटर मांडले. मिलचा पट्टा फिरायला लागला की खोलीवरचा पत्रा, पत्र्याखालची पाल आणि पालीच्या तोंडातला किडा, तिघंही एका तालात थरथरायचे. नागझिऱ्यातले वाघ त्या आवाजाने कूस बदलत, असं मी पुण्यातल्या मित्रांना सांगायचो आणि ते मान डोलवायचे, कारण त्यांच्या हिशेबात गोंदियाच्या मागच्या दारी वाघच असतो. कोंडा तर कुठे जायचा नाही! एकदा माझ्या कीबोर्डवर चहा सांडला आणि आठवड्याने स्पेसबारखालून धानाचा कोंब वर आला. हिरवागार. मी तो उपटला नाही. रोवणीपर्यंत, म्हणजे शेतात धानाची रोपं लावेपर्यंत, तसाच टाइप करत राहिलो.

तर मिल सुरू असताना बाजूच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी त्याला फक्त वाफ लागायची. आम्ही मुकाट कोड लिहायचो. मग लोडशेडिंग व्हायचं. मिल थांबायची, यूपीएस शेवटची शिट्टी मारायचा, आणि आम्ही कान चोळत बाहेर यायचो. मिलच्या मागे धान वाळवायला सिमेंटचं मोठं अंगण होतं, कडेला एक कडुलिंब. तिथे बसून आमचं बोलणं. म्हणजे दुनियेतले प्रोग्रामर स्क्रीनसमोर बसून डिझाइनवर भांडतात. आम्ही डिझाइनवर भांडायचो तेव्हा स्क्रीन मेलेली असायची, आणि स्क्रीन जिवंत व्हायची तेव्हा भांडायची सोय संपलेली असायची. पुढे जे घडलं ते या एका गोष्टीतून घडलं.

तिघं कोण ते सांगतो. एक मी. आमगावकडच्या गावचा, पोवाराच्या घरचा, पुण्यात नोकरी करून परत आलेला. परत का आलो याची माझ्याकडे पाच-सहा कारणं आहेत. ऐकणारा पाहून मी त्यातलं एक काढतो. गावात मात्र मी छाती काढून सांगितलं होतं की गोंदियात कंपनी टाकली. कंपनी बुडाली असती तर त्याच गावात शेतांमधल्या त्याच धुऱ्यावरून, बांधावरून घरी जायचं होतं, आणि धुऱ्याच्या दोन्ही बाजूंनी लोक वाकून धान निंदत असतात. वाकलेला माणूस मान वर करून बघतो ना, ते बघणं मला नको होतं.

दुसरे भाऊ. अर्जुनीकडचे, कोहळी घरातले. त्यांच्या कुळातल्या लोकांनी गावोगाव तलाव बांधले, आणि भाऊ बोलायचेही तलाव बांधल्यासारखे. एक टोपली माती टाकायची, थांबायचं, दाबून बघायची, मग दुसरी. वाक्याच्या सुरुवातीला मालगाडी सुटली तर वाक्य संपेस्तोवर डोंगरगडला पोचायची. आधी ते एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचे. मिलवाल्या शेठला वजनकाट्याचा प्रोग्राम त्यांनीच करून दिला होता, म्हणून ही खोली.

तिसरी ती. गोंदिया शहरातली, घरात हिंदी, आम्हा दोघांपेक्षा लहान. भाऊंना 'बडे भैया' म्हणायची, मला नुसतं 'भैया'. भाऊ तिला 'बाई' म्हणायचे, मी चिडवायला 'मॅडम'. मराठी तिला पूर्ण कळायची. बोलायची मात्र नाही, तिचं हिंदी मी इथे बहुतेक मराठीत सांगतो. फाइल लिहिण्याचा भाग तिचा होता, म्हणजे आम्ही दोघांनी वर काय वाट्टेल ते दिवे लावले तरी शेवटी डिस्कवर बरोबर फाइल उतरते की नाही ते तिच्या कोडवर होतं. सगळ्याला तिच्या हाताखालून जावं लागायचं.

आम्ही करत होतो ती एक लायब्ररी. गावात हा शब्द सांगितला की लोक विचारायचे, पुस्तकं किती आहेत? पुस्तकं नाहीत. दुसऱ्या प्रोग्रामरने आपल्या प्रोग्रामला जोडून वापरायचा तयार कोड, त्याला लायब्ररी म्हणतात. आमची लायब्ररी प्रेझेंटेशनच्या फाइल बनवायची: स्लाइड टाका, काढा, हलवा, रंग द्या, चित्र चिकटवा. नागपूरचे एक साहेब होते. शिकवणी वर्गांसाठी धड्यांच्या स्लाइड तयार करून द्यायचा त्यांचा धंदा. त्यांना हे काम प्रोग्रामने करायचं होतं. लायब्ररी पसंत पडली तर पुढचं सगळं काम आमचं. नाही पडली तर खोलीत परत बारदाना.

प्रेझेंटेशनची फाइल उघडून आत पाहिली आहे का कोणी? वरून एक दिसते. आत बारक्या फाइलींचं गाठोडं असतं. प्रत्येक स्लाइडची वेगळी फाइल. स्लाइड सांगते, माझा साचा अमुक. साचा सांगतो, माझा मास्टर तमुक. मास्टर म्हणजे सगळ्यांचा मूळपुरुष. अक्षर केवढं, रंग कोणता, मागचा पडदा कसा, ते सगळं त्याच्यापाशी. स्लाइडला स्वतःचं काही सांगायचं नसेल तर ती साच्याला विचारते, साचा मास्टरला.

आता प्रश्न असा, की आमच्या लायब्ररीत नवी स्लाइड जन्माला आली तर तिने रंगरूप कोणाकडून घ्यायचं?

या प्रश्नावर आम्ही अंगणात बसलो तेव्हा रोवणी नुकतीच आटोपली होती. भिंतीपलीकडे बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, पायऱ्या-पायऱ्यांनी खाली गेलेली. कागद वाऱ्याने उडतात म्हणून आम्ही स्लाइडच्या जागी चपला मांडायचो. आमच्या, मिलमधल्या बायांच्या, कोणाच्याही. एक बाई धानावर पाय फिरवता फिरवता दुसरीला म्हणाली, एवढं शिकून हे चपला राखून राहिले. आम्ही ऐकलं नाही असं दाखवलं.

आणि मला सुचलं. भिंतीपलीकडे बोट केलं. म्हटलं, पाणी कसं जातं पाहा. वरची बांधी भरली की धुऱ्याला तोंड पाडतात, पाणी खालच्या बांधीत उतरतं. ती भरली की तिच्या खालच्या. प्रत्येक बांधीला वेगळा पाट खणत बसतो का कोणी? तसंच करायचं. नव्या स्लाइडने वरच्या स्लाइडकडून घ्यायचं. मास्टरला विचारायला जायचंच नाही. शिक्षकाने एका स्लाइडचा पडदा हिरवा केला की खालच्या सगळ्या आपोआप हिरव्या, पुढचा कोणी निळा करेपर्यंत. कोड एवढासा! तळहातावर मावेल.

ही कल्पना जगात कोणाला सुचली नसेल, कारण जगात कोणाच्या ऑफिसामागे बांध्या नव्हत्या. देखणी होती. आजही म्हणतो.

भाऊंनी हातातला चपलेचा जोड खाली ठेवला. त्यांचं म्हणणं, वरच्या बांधीतून पाणी घेणारा माणूस जन्मभर वरच्याच्या तोंडाकडे पाहतो. वरच्याने तोंड बुजवलं की खालच्याचं धान उभं वाळतं, मग काठ्या निघतात. म्हणून आमच्या म्हाताऱ्यांनी तलाव बांधला तिथे पाट काढले. ज्याने त्याने आपल्या पाटाचं घ्यावं. हे त्यांचं वाक्य अजून चालू होतं. ती मध्येच म्हणाली, फाइलमध्ये आधीच लिहिलेलं आहे ना की स्लाइड साच्याला विचारते, मग आपण नवीन शहाणपण कशाला? जो लिखा है वो करो.

आता एक चोरटी गोष्ट सांगतो. मिलच्या दारावर एक पिवळा बल्ब होता. वीज आली की आधी तो लागायचा. मग मिलचा माणूस आत जाऊन मोठं बटण टाकायचा, मग पट्टा हलायचा. बल्ब लागल्यापासून पट्टा फिरेपर्यंत एक वाक्य बसायचं. लांबलचक नाही, एकच. मी पहिल्या महिन्यातच हे हेरलं होतं आणि कडुलिंबाच्या मुळावर अशा जागी बसायचो की बल्ब समोर दिसावा. त्या दोघांची पाठ बल्बकडे. तर त्या दिवशी बल्ब लागला आणि मी म्हणालो, "मग ठरलं, वरच्या बांधीचं पाणी खाली."

भाऊंनी तोंड उघडलं आणि पट्टा फिरला. त्यांचे ओठ बराच वेळ हलताना दिसत होते. माणूस काहीतरी मोलाचं बोलत असावा असं वाटत होतं. मी आदराने मान डोलावली आणि आत जाऊन कोड लिहायला बसलो.

आमच्या लायब्ररीतले अर्धे निर्णय असे झालेले आहेत.

पोळा होऊन गेला आणि नागपूरचे साहेब आले. सकाळच्या गाडीने, हातात बॅग, पायात असे बूट की अंगणातल्या सगळ्या चपला लाजल्या. मिल जोरात. त्यांना खुर्ची दिली, त्यांच्याच धड्याची फाइल आमच्या प्रोग्रामने बनवून दाखवली. पहिल्या भागाचा पडदा मूळचाच निळा, दुसऱ्या भागाचा हिरवा, तिसरा भाग एकाच स्लाइडचा, तो पिवळा. साहेब खूश. मग त्यांनी माउस हातात घेतला. दुसऱ्या भागाची सुरुवातीची एक स्लाइड, नुसतं शीर्षक असलेली, त्यांना नको वाटली. त्यांनी ती काढली.

खालचा सगळा हिरवा भाग डोळ्यांदेखत निळा झाला. हिरवा रंग त्या शीर्षकाच्या स्लाइडवरच दिलेला होता, आणि बाकीच्या तिच्याकडून घेत होत्या. साहेबांनी भुवया उचलल्या. शेवटची पिवळी स्लाइड उचलून त्यांनी पहिल्या जागी नेऊन ठेवली. निळा कोणी वेगळा दिलेलाच नव्हता, म्हणून अख्खा धडा हळद लागल्यासारखा पिवळा.

साहेब माझ्याकडे वळून काहीतरी बोलले. मिलच्या आवाजात मला वाटलं वाखाणून राहिले. मी हसलो, छातीवर हात ठेवला, किंचित वाकलोही. साहेब आणखी जोरात बोलले. मी आणखी वाकलो. मागे ती कपाळाला हात लावून उभी होती हे मला काचेत दिसत होतं.

आणि वीज गेली. सगळं थांबलं. त्या शांततेत साहेबांचा आवाज घुमला.

"काय हो, मी एक काढली. तुम्ही बाकीच्यांना सुतक कायले लावलं?"

मी त्यांना अंगणात नेलं, भिंतीपलीकडच्या बांध्या दाखवल्या, धुऱ्याची तोंडं दाखवली, पाणी कसं उतरतं ते सांगितलं. साहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला धान नाही पाहिजे." दिवाळीनंतर परत येईन, तोवर दुरुस्त करा, नाही तर मी दुसरीकडे पाहतो, एवढं बोलून ते दुपारच्या गाडीने गेले.

मी तरी मानायला तयार नव्हतो. म्हटलं, काढण्याच्या आधी रंग खालच्याला पोचवून द्यायचा, एवढी एक ओळ वाढवू. ती म्हणाली, हलवायच्या वेळी आणखी एक वाढवाल, चिकटवताना आणखी एक. भाऊ म्हणाले, तलावाच्या फुटलेल्या पाळीला चिखल लावून... आणि पुढचं पट्ट्यात गेलं.

मग एका दुपारी अंगणात तिने सहज सांगितल्यासारखं सांगितलं. हैदराबादच्या एका कंपनीने तिला बोलावलं आहे. दिवाळीनंतर हजर व्हायचं की नाही ते कळवायचंय. अजून काही कळवलेलं नाही.

भाऊ म्हणाले, चांगलं आहे बाई. त्यांना एवढंच बोलता आलं. मी तर उठून चालायलाच लागलो. त्या दिवसापासून माझ्या बुडाखाली खुर्ची म्हणून टिकली नाही. आत बसलो की बाहेर जावंसं वाटायचं, बाहेर आलो की आत. अंगणात मी एवढ्या येरझारा घातल्या की सिमेंटवर पाऊलवाट पडली. बायांनी तिला नावही ठेवलं होतं, ते मी सांगणार नाही. वर बिरसीच्या विमानतळाचं शिकाऊ विमान त्याच त्याच घिरट्या घालायचं. खाली मी. एकदा ते उतरलं, मी नाही उतरलो. आमगावच्या गाडीत लोक जागा द्यायचे तरी मी दारात उभा. डोक्यात एकच. ही गेली तर फाइल लिहिणार कोण? तिचा कोड मी उघडून पाहिला होता. त्यात सगळे धागे येऊन मिळत होते आणि कोणता ओढला तर काय उसवेल ते तिलाच ठाऊक. ती गेली की साहेब गेले, साहेब गेले की खोली गेली, आणि मग मी, धुरा, आणि दोन्ही बाजूंची वर झालेली तोंडं.

चालता चालता मला उमगलं, किंवा मला तसं वाटलं. ही जाते आहे ती रागाने. तिचं ऐकलं नाही म्हणून. माझ्या बांध्यांवरून. मग उपाय सोपा होता: तिचं ऐकायचं. हरायचं, पण हरलो असं न दिसता. यात माझा हात धरणारा जिल्ह्यात नाही.

पुढच्या लोडशेडिंगला मी कडुलिंबाखाली उभा राहून भाषणच ठोकलं. म्हटलं, फार विचार केला. लोकहो, प्रत्येक स्लाइडला स्वतःचा पाट पाहिजे. तलाव म्हणजे मास्टर, पाट म्हणजे साचा, बांधी म्हणजे स्लाइड. बांधीने बांधीच्या तोंडाकडे पाहायचं नाही. कोणतीही काढा, बाकीच्यांना आपापल्या पाटाचं पाणी.

भाऊ माझ्याकडे वळले. "हे मी पोळ्याच्या आधी सांगितलं होतं ना बाप्पा."

"तुम्ही सांगितलं भाऊ. मी पटवून घेतलं. दोन्हीले मेहनत लागते."

ती हसली. खूप दिवसांनी हसली. मला वाटलं, जमलं.

नंतर ती ज्या रीतीने कामाला लागली ते पाहून तर माझी खात्रीच पटली. जायचं असेल तर माणूस असं राबत नाही. तिने सगळा कोड फोडायला काढला. तिचा हट्ट एकच: कोणताही तुकडा दुसरा नसताना चालून दाखवला पाहिजे. एक भाग बंद करायची आणि बाकीचे चालतात का पाहायची. मग तो सुरू, दुसरा बंद. भाऊंचा चित्रांचा भाग बंद केला, तर बाकीचं चित्राशिवाय चाललं पाहिजे. माझा अक्षरांचा भाग बंद केला, तर बाकीचं मुक्यानं चाललं पाहिजे. आणि एके दिवशी तिने स्वतःचा, फाइल लिहिण्याचा भाग बंद केला आणि मला म्हणाली, आता हा तुम्ही लिहा. मी म्हटलं, मला कायले, तू आहेस ना. ती म्हणाली, लिहा तर. तुमची पद्धत वेगळी असेल, चालेल. फक्त दार तेच ठेवा, ज्यातून आत-बाहेर होतं.

मी लिहिला. तिने पाहिला, तीनदा फाडायला लावला, चौथ्यांदा गप्प बसली. भाऊंनाही लिहायला लावलं. आता फाइल लिहिणारे तीन भाग झाले, कोणताही लावा. मी घरी बढाई मारली की आमच्यापाशी एका कामाला तीन-तीन इंजिन आहेत, रेल्वेकडेही नाहीत. माझ्या मनात आलं, बाई घर बांधून राहिली, म्हणजे राहणार. भिंती कोण एवढ्या जीव लावून लिंपतं, नाही तर?

मध्ये दिवाळी आली आणि गेली. धान कापून झालं. मिलमध्ये बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रक यांची रांग पार रस्त्यापर्यंत. नवा धान आला की मिल असा आवाज करते की मागच्या आवाजाला लोरी म्हणावं. साहेब आले ते कानात कापूस घालून. शहाणे झाले होते. खुर्चीवर बसले आणि त्यांनी आमची लायब्ररी अशी पिळली जशी सासू सुनेला पिळते. पहिली स्लाइड काढली. मधली काढली. शेवटची वर, वरची मध्ये. हिरव्यातली पिवळ्यात नेली. एक-एक काढत शेवटी एकच स्लाइड उरवली, आणि ती बिचारी आपल्या रंगात, आपल्या अक्षरात, जशीच्या तशी उभी.

साहेबांनी कानातला कापूस काढला, काही बोलले, ऐकू आलं नाही, परत घातला. मग हात पुढे केला. त्या हाताचा अर्थ सगळ्यांना समजला. पुढचं वर्षभराचं काम आमचं. शेठने त्यांच्यासाठी समोसे मागवले. खोलीतल्या कोंड्याने ते आपोआप कुरकुरीत झाले.

त्याच दुपारी वीज गेली. आम्ही बाहेर आलो. मी हवेत होतो, बिरसीच्या विमानाच्या थोडा वर. साहेबांना सोडायला दारापर्यंत गेलो होतो म्हणून मागून आलो, तर कडुलिंबाच्या मुळावरची माझी जागा भरलेली. ती बसली होती. मी म्हटलं, राहू दे, आजचा दिवस तिचा आहे, आणि तिच्या समोर, मिलकडे पाठ करून बसलो.

म्हणालो, "मॅडम, आता हैदराबादले फोन करून नाही म्हणून सांग. सगळं तुझ्या मनासारखं झालं."

ती म्हणाली, "भैया, मैंने तो हाँ बोल दिया है. उसी दिन, जब आपने पाट वाला भाषण दिया."

भाऊंनी एक चप्पल उचलली, पाहिली, परत ठेवली. मला आधी वाटलं ती गंमत करते आहे.

"मग एवढी भांडली काऊन? जायचंच होतं तर बांध्या राहू देत होती माझ्या."

"जाना था, इसीलिए तो लड़ी." ती चपलांच्या रांगेकडे पाहत होती. "उसमें मैं निकलती तो नीचे सब सूख जाता. फिर मैं जा पाती क्या?"

हे ऐकून मी काय काय बोललो ते सगळं सांगत नाही. बरंच होतं. हैदराबादचं पाणी जड असतं म्हणालो. तिथल्या ऑफिसात अंगण नसतं, वीज जातच नाही, म्हणजे बोलायला मिळतच नाही म्हणालो. तिथे लोकांना आपली पोळी लागत नाही, केस गळतात, एका माणसाचे इतके गळले की घरच्यांनी ओळखला नाही. तुला थांबवावं म्हणून मी हरलो म्हणालो. हे मात्र खरं होतं आणि तेच सगळ्यात हळू निघालं. भाऊ म्हणाले, "जाऊ दे बाप्पा तिले. मले कळलं होतं." मी विचारलं, कधीपासून? भाऊ म्हणाले, मले फाइल लिहायला लावली तेव्हापासून, आणि मी तुले सांगूनही राहिलो होतो, पण...

पण पट्टा. मला माहीत होतं.

मी पुन्हा तिच्याकडे वळलो. आता एक शेवटचं, एकदम पक्कं कारण माझ्यापाशी आलं होतं. असं, की ऐकून ती उठली नसती. मी श्वास घेतला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती माझ्याकडे पाहतच नव्हती. माझ्या खांद्यावरून मागे पाहत होती, मिलच्या दाराकडे. तिच्या डोळ्यांत एक पिवळा ठिपका लागला.

आणि ती, जी आमच्यात इतके दिवस बसून एक शब्द मराठीत बोलली नव्हती, ती आमच्या बोलीत म्हणाली,

"मी जाऊन राहिली, भैया. तुमचं काही नाही सुकत."

पट्टा फिरला.

मी उत्तर दिलं. लांबलचक दिलं, उभा राहून, हात हलवून दिलं. तिने नीट पाहिलं, मान डोलावली, अगदी आदराने, आणि आत जाऊन कोड लिहायला बसली. भाऊ म्हणतात माझं तोंड मालगाडीएवढं हलत होतं, आणि भाऊंनी मालगाडी म्हटलं म्हणजे विचार करा.

ती बल्लारशाच्या गाडीने गेली. भाऊ आणि मी स्टेशनवर होतो. गोंदियाचा प्लॅटफॉर्म दुनियेत लांब आहे असं मी कोणालाही सांगतो, पण त्या दिवशी फार आखूड निघाला. तिचा डबा येऊन थांबला आणि लगेच सुटायची वेळ. दारातून तिने विचारलं, भैया, उस दिन क्या बोल रहे थे? मिल चालू हुई तब?

मी म्हटलं, खिडकीची सीट मिळाली का ते विचारत होतो.

"इतनी देर?"

"सविस्तर विचारत होतो."

गाडी हलली. खोली राहिली, साहेबांचं काम राहिलं, कोड चालला. ती गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात आम्ही तिचा भाग बंद केला आणि माझा लावला. कुठेही काही हललं नाही. मी खोदून खोदून पाहिलं, एखादी तरी स्लाइड पिवळी पडेल म्हणून. एकही पडली नाही. भाऊ म्हणाले, आता कायले शोधून राहिला? मी म्हटलं, तपासून राहिलो.

लोडशेडिंग झालं की आम्ही अजून बाहेर यायचो. कडुलिंबाच्या मुळावर बल्बसमोरची जागा मी भाऊंना दिली. त्यांना त्याचा उपयोग नव्हता. त्यांचं एक वाक्य बल्ब आणि पट्टा यांच्यात कधी बसलंच नसतं. तरी ते बसायचे. आणि त्या दिवशी मी काय उत्तर दिलं होतं, ते लोक विचारतात तेव्हा मी ऐकणारा पाहून वेगवेगळं सांगतो. सगळी उत्तरं चांगली आहेत. खरं कोणतं ते मलाही ठाऊक नाही. मिल चालू होती ना.